कोकणातील ख्रिस्ती धर्माचा इतिहासकार: त्याचे काम आणि त्याचे आयुष्य

वसई परिसरातील एका तरुण शिक्षकाने विचारले आहे की ख्रिस्ती धर्माचा इतिहासकार नेमके काय काम करतो, त्याचे आयुष्य कशात जाते, तो स्वतः श्रद्धावान असेल तर त्याच्या लेखनावर कितपत विसंबावे, आणि आपल्या धर्मग्रामाचा (म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील गावाचा, पॅरिशचा) इतिहास लिहायचा झाल्यास सुरुवात कुठून करावी. उत्तर कोकणातील जुन्या कागदांमध्ये माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देत आहे.

आपल्या किनाऱ्यावरचा ख्रिस्ती धर्माचा इतिहास बव्हंशी बाप्तिस्मा देणाऱ्यांनी लिहिला आहे. बाप्तिस्मा घेणारा कोळी, वाडवळ, सामवेदी किंवा भंडारी त्या कागदांत एक तर संख्या म्हणून येतो, नाहीतर नव्या पोर्तुगीज नावाने येतो, आणि तेवढ्यावरच त्याला निरोप मिळतो. देणाऱ्याच्या कागदातून घेणाऱ्याचे आयुष्य शोधून काढणे हे इतिहासकाराचे खरे काम आहे असे मी मानतो. भाषा, लिपी, कालगणना, दप्तरखाने यांची सगळी मेहनत त्यासाठीच करायची असते.

आयुष्य कशात जाते याचे उत्तर एका माणसाच्या उदाहरणाने देणे बरे. गेओर्ग शूरहॅमर हे जर्मन येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू १८८२ साली जन्मले आणि तरुणपणी मुंबईत शिकवण्यासाठी आले. इथे त्यांची प्रकृती ढासळली. १९१० साली जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव दर्शनासाठी ठेवले होते. तेव्हा त्यांनी नवस केला की आपण बरे झालो तर या संताचे चरित्र लिहू. ते बरे झाले आणि पुढची सुमारे साठ वर्षे त्यांनी त्या एका कामाला दिली. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ते लगेच चरित्र लिहायला बसले नाहीत. आधी त्यांनी झेवियरांच्या काळातील पोर्तुगीज आशियाविषयीची समकालीन कागदपत्रे शोधून त्यांची सारांशसूची तयार केली. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात सहा हजारांहून अधिक कागदांची नोंद आहे. त्यानंतर योसेफ विकी यांच्यासोबत त्यांनी झेवियरांच्या पत्रांची चिकित्सक आवृत्ती १९४४-४५ मध्ये काढली. चरित्राचा पहिला खंड १९५५ साली आला, तर शेवटचा १९७३ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

श्रद्धावान इतिहासकारावर विसंबावे का, या प्रश्नाचे उत्तरही मला याच माणसात सापडते. झेवियर ज्या देशात जात तिथली भाषा त्यांच्या मुखातून आपोआप येई, अशी समजूत त्यांना संतपद देण्याच्या चौकशीपासून रूढ झाली होती. झेवियरांची स्वतःची पत्रे मात्र वेगळेच सांगतात. दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्यांना दुभाष्यांची गरज लागत असे आणि प्रार्थना त्यांनी तमिळमध्ये करवून घेऊन पाठ केल्या होत्या. ज्यांच्यापुढे नवस बोलला त्याच संताबद्दलच्या आख्यायिका शूरहॅमर यांनी कागदाच्या कसोटीवर घासल्या आणि ज्या टिकल्या नाहीत त्या बाजूला ठेवल्या. म्हणून लेखक देव मानतो की नाही हे मी आधी पाहत नाही. त्याच्या श्रद्धेला गैरसोयीचा असलेला कागद त्याने छापला का, हे पाहतो. हीच कसोटी श्रद्धा नसलेल्या लेखकालाही लावावी, कारण मिशनऱ्यांविषयीचा राग हीसुद्धा एक निष्ठाच असते आणि तीही गैरसोयीचे कागद सोयीस्करपणे विसरते.

मात्र शूरहॅमर यांच्या हजारो पानांमध्येही केंद्रस्थानी झेवियरच राहतात. ते १५४४-४५ च्या सुमारास आणि पुन्हा १५४८ मध्ये वसईला येऊन गेले, दोन्ही वेळा गव्हर्नरांच्या भेटीसाठी. त्या भेटींचा तपशील आपल्याला मिळतो, पण त्या वेळी वसईच्या बाजारात, खाडीवर, पानमळ्यात राहणारी माणसे कोण होती हे त्यात फारसे नसते. हा दोष त्या विद्वानाचा नाही, साधनांचा आहे, आणि साधनांचा स्वभाव ओळखणे हा आपल्या व्यवसायाचा पहिला धडा आहे. येशूसंघीयांची पत्रे युरोपातील मठांमध्ये आणि विद्यालयांमध्ये वाचून दाखवली जात. त्यांतून उत्साह वाढावा, मदत मिळावी, नवे तरुण यावेत, हा हेतू असे. विकी यांनी संपादित केलेल्या अठरा खंडांमध्ये १५४० ते १५९७ या काळातील अशी पत्रे आज सहज वाचता येतात, आणि ती सहज मिळतात म्हणूनच धोका संभवतो. वसई आणि साष्टी भागात सुरुवातीचे मोठे काम फ्रान्सिस्कन संघाने केले. मंडपेश्वरच्या लेण्यांशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते आंतोनियो द पोर्तो फ्रान्सिस्कनच होते. पण त्यांचे कागद इतक्या पद्धतशीरपणे छापले गेले नाहीत. परिणामी जो कागद हाताशी आहे त्याच्या लेखकालाच इतिहासात मोठी जागा मिळते. तुमच्या गावचे चर्च मुळात कोणत्या संघाकडे होते हे पहिल्याच दिवशी निश्चित करा, कारण त्यावरून तुमचे कागद कुठे असतील ते ठरेल.

आता घेणाऱ्याचे आयुष्य शोधणे म्हणजे काय, ते ठाण्याच्या एका प्रसंगावरून सांगतो. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी, एप्रिल १३२१ मध्ये, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. जोर्दानुस नावाचा डोमिनिकन धर्मगुरू त्यांचा सोबती होता. तो त्या वेळी ठाण्याबाहेर गेला असल्याने वाचला आणि मृतदेह सोपाऱ्याला नेऊन त्याने पुरले. काही वर्षांत ओदोरिक हा प्रवासी इथून गेला. त्याने त्यांच्या अस्थी उचलून थेट चीनपर्यंत नेल्या आणि हा सारा वृत्तांत नोंदवला. चर्चच्या इतिहासात हा प्रसंग हौतात्म्याचा म्हणून येतो, आणि ते योग्यच आहे.

पण ओदोरिकचा वृत्तांत सावकाश वाचला तर त्यात आणखी दोन माणसे दिसतात. हे संन्यासी एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी उतरले होते. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले, ती दाद मागायला काझीकडे गेली आणि साक्षीदार कोण असे विचारल्यावर तिने घरात उतरलेल्या या परदेशी धर्मगुरूंची नावे सांगितली. तिथून ते काझीसमोर आले, धर्मचर्चा झाली, आणि पुढचे सारे घडले. त्या नवरा-बायकोची नावे कुणी लिहून ठेवलेली नाहीत. तरीही या दोन-चार वाक्यांतून चौदाव्या शतकातील ठाण्याविषयी किती कळते ते पाहा. इथे पौर्वात्य परंपरेची, ज्यांना लॅटिन लेखक नेस्टोरियन म्हणत, अशी ख्रिस्ती कुटुंबे राहत होती. परदेशी पाहुण्याला ती घरात ठेवून घेत होती. त्या घरातील स्त्री मारहाणीविरुद्ध मुसलमान काझीकडे दाद मागू शकत होती आणि तसे करणे तिला स्वाभाविक वाटत होते. वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधीचे हे कोकणातील ख्रिस्ती घर आहे. हौतात्म्याच्या कथेत ते केवळ ओघात आले आहे, पण माझ्या दृष्टीने त्या कथेतील सर्वांत मोलाची माहिती तीच आहे.

यापेक्षा मागे गेलात तर पाऊल जपून टाका. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापारी-प्रवाशाने ‘कल्लियाना’ या ठिकाणी पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. आपल्याकडे ते कल्याण मानण्याची प्रथा आहे आणि ते शक्यही आहे, पण दक्षिणेतील स्थळांचा दावाही विद्वानांनी मांडलेला आहे. प्रेषित बार्थोलोमिउ कल्याणला आले, हे मत तर चौथ्या शतकातील युसेबियसच्या एका उल्लेखावर उभे आहे, आणि त्या उल्लेखात फक्त ‘इंडिया’ एवढेच आहे. त्या काळच्या लेखकांची ‘इंडिया’ अरबस्तानापासून इथिओपियापर्यंत कुठेही पसरू शकत असे. आपल्या गावाला प्रेषिताचे पाय लागले असावेत ही इच्छा मी समजू शकतो, परंतु इच्छा हे साधन नव्हे. धर्मग्रामाच्या स्मरणिकेत असे विधान घालायचा आग्रह झाला तर ‘परंपरा असे मानते’ एवढे लिहून थांबावे.

१५३४ च्या डिसेंबरमध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांविषयी लिहिताना धर्मांतर कशामुळे झाले हा प्रश्न टाळता येणार नाही आणि टाळूही नये. सत्तेचा दबाव होता. त्याचे कायदे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत: गोव्यात मंदिरांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले, आणि १५५९ च्या राजाज्ञेने अनाथ हिंदू मुलांना येशूसंघीयांच्या हवाली करण्याची व्यवस्था केली. पुढच्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी वर्तनाची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, बसले. मधली काही वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत चालले आणि त्याचा हात उत्तर कोकणापर्यंत पोहोचत होता. डेलॉन या फ्रेंच वैद्याला दमणला पकडून वसईच्या तुरुंगात ठेवले आणि मग गोव्याला नेले, हे त्याने स्वतःच्या वृत्तांतात लिहून ठेवले आहे. अ. का. प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर १९६१ साली ग्रंथ लिहिला, आणि मी तो प्रत्येक नव्या अभ्यासकाला वाचायला सांगतो. याचे कारण असे की ज्या प्रियोळकरांनी हा अन्याय कागदोपत्री मांडला, त्याच प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासात १५५६ साली गोव्यात आलेल्या मिशनऱ्यांच्या छापखान्याचे श्रेय निःसंकोचपणे दिले आणि फादर थॉमस स्टीफन्स यांच्या दौत्रिनाचे (ख्रिस्ती शिकवणीच्या पुस्तिकेचे) संपादन आस्थेने केले. दोन्ही कामे एकाच हाताने, एकाच निष्ठेने झाली.

परंतु दबाव हे एकच कारण धरले तर १७३९ नंतर जे घडले त्याचा उलगडा होत नाही, आणि माझ्या मते आपल्या इतिहासाची गुरुकिल्ली तिथेच आहे. पोर्तुगीज गेले. गोरे धर्मगुरू बहुतेक सगळे गेले. किल्ल्यातील चर्च ओस पडली आणि त्यांच्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. पालीच्या बल्लाळेश्वराच्या आणि भीमाशंकरच्या देवळांत त्या आजही आहेत. सक्तीने लादलेला धर्म सक्ती उठताच गळून पडायला हवा होता. तसे झाले नाही. मराठी अमलाखाली गावोगावचे ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले आणि त्यांची धर्मसेवा देशी धर्मगुरूंनी सांभाळली. १७६० च्या सुमारास आँकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच अभ्यासक साष्टीतून गेला, तेव्हा त्याला तिथे सणाला लोटलेली गर्दी आणि मोकळेपणाने चाललेली उपासना दिसली. आजोबा-पणजोबांनी धर्म कोणत्याही कारणाने स्वीकारलेला असो, नातवंडांनी तो आपला मानला होता. हे कसे झाले याचे उत्तर मिशनऱ्यांच्या पत्रांत मिळणार नाही, कारण पत्रे लिहिणारे तिथे उरलेच नव्हते. इथे मोडी लागते. पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी निवडून छापलेल्या कागदांत वसईच्या मोहिमेचे खंड आहेत, आणि न छापलेले कितीतरी कागद पुण्यात आहेत: सारा, वतन, इनाम, तक्रारी. त्यांत ख्रिस्ती रयत ‘रयत’ म्हणून येते, आणि धर्मसंस्थेच्या कागदापेक्षा ती तिथे जास्त जिवंत दिसते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांवर केलेले काम दोन्ही भाषांचे कागद शेजारी ठेवून केलेले असल्यामुळे ते आधी वाचावे.

इथेच कालगणनेची एक सूचना देतो, कारण नवे अभ्यासक हमखास इथे अडखळतात. पोर्तुगीज कागद सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून नव्या ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे चालतात, तर मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुन्याच पंचांगाप्रमाणे चालत होते. अठराव्या शतकात दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते. वसईची शरणागती एका कागदात १६ मे आणि दुसऱ्यात ५ मे अशी दिसली तर दोन घटना समजू नका. मराठी कागदांवर चंद्र (मुसलमानी महिन्याची तारीख) आणि सुहूर सन (अरबी वर्षगणना) असतील, त्यासाठी जंत्री जवळ ठेवा. असाच घोळ साष्टीचा होतो. एक साष्टी ठाण्याची, दुसरी गोव्याची, आणि पोर्तुगीज लेखक दोन्हींना जवळपास एकाच नावाने ओळखतात. स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले मराठी ‘क्रिस्तपुराण’ गोव्याच्या साष्टीतील रायतूर इथले आहे. ते ठाण्याच्या साष्टीत घडले असे लिहिणारे लेख मी छापील अंकांत वाचले आहेत.

धर्मग्रामाच्या नोंदवह्यांविषयी थोडे अधिक विस्ताराने लिहितो, कारण तुमची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली घालून दिला. तुमच्या चर्चमध्ये ज्या वह्या उरल्या असतील त्या धर्मगुरूंच्या लेखी परवानगीने, त्यांच्याच कार्यालयात बसून पाहाव्यात. पाने ओल्या हवेने चिकटलेली असली तर बोटाने सोडवू नयेत. आधी पाहावी ती भाषा: जुन्या वह्या बहुधा पोर्तुगीजमध्ये असतात, पुढे लॅटिन आणि इंग्रजी येते, आणि ही भाषा जिथे बदलते तिथे बहुतेक वेळा अधिकारक्षेत्रही बदललेले असते. पोर्तुगालच्या राजाच्या संरक्षणाखालील पाद्रोआदो आणि रोमच्या थेट अधिकाराखालील प्रोपागांडा यांच्यातील वाद आपल्याकडे शतकभराहून अधिक चालला. मुंबईत इंग्रजांनी १७२० साली पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना काढून कार्मेलाइट धर्मगुरूंना आणले, आणि १७९४ पासून तिथे दोन्ही अधिकार शेजारी-शेजारी नांदू लागले. वसई मात्र गोव्याच्या महागुरूंकडे (आर्चबिशपांकडे) होती. १८८६ नंतर ती दमण धर्मप्रांतात, १९२८ नंतर मुंबईत आणि १९९८ पासून स्वतःच्या धर्मप्रांतात आली. म्हणून एकाच गावाचे कागद पणजी, दमण, मुंबई आणि वसई अशा चार ठिकाणी विखुरलेले असू शकतात. एखादा काळ तुमच्या वहीत सापडला नाही म्हणजे तो नष्टच झाला असे धरू नका.

नोंदीत आडनाव वाचून वंश ठरवू नये. डिसोझा, परेरा, लोपीस, डिमेलो ही नावे बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली असत, आणि शेजारच्या दोन गावांतील परेरांचा एकमेकांशी काही संबंध नसण्याची शक्यताच जास्त असते. त्याऐवजी धर्ममातापित्यांची (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्यांची) नावे आणि विवाहातील साक्षीदार टिपून ठेवा. कोणत्या घराने कोणत्या घराला धर्मपिता म्हणून बोलावले, कोणत्या आळीच्या मुली कोणत्या गावी दिल्या, याचा तक्ता केला की जुनी जात, धंदा, शेजार आणि खाडीपलीकडचे नातेसंबंध आपोआप वर येतात. वर म्हटलेले बाप्तिस्मा घेणारे लोक ते हेच.

किल्ल्यातील चर्चच्या फरशीवर पोर्तुगीज सरदारांचे शिलालेख आहेत. ते वाचले गेले आहेत. जोसेफ जर्सन द कुन्हा यांचे चौल आणि वसईवरील १८७६ चे पुस्तक अजूनही उपयोगी पडते. आपल्या लोकांचे शिलालेख नाहीत, पण त्यांच्या लग्नातील ओव्या आहेत, कादोडी या सामवेदी ख्रिस्ती बोलीतील गाणी आहेत, आणि रेवदंड्याजवळ कोर्लईच्या किल्ल्याखाली तर पोर्तुगीजपासून घडलेली एक संपूर्ण बोली ख्रिस्ती कुटुंबांनी जपली आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता तिथून गेली, बोली मात्र घराघरांत राहिली. वयस्कर बायकांकडून ही गाणी ध्वनिमुद्रित करून घ्या, आणि गाणारीचे गाव व माहेर लिहून ठेवायला विसरू नका.

दक्षिणेकडचा प्रॉटेस्टंट अध्याय वेगळा आहे आणि माझा अभ्यास त्यात तुलनेने कमी आहे. बाणकोट आणि हर्णै इथे स्कॉटिश मिशनचे काम १८२३ पासून सुरू झाले आणि जॉन विल्सन मुंबईत स्थिरावण्यापूर्वी मराठी शिकले ते याच किनाऱ्यावर. रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. त्या परंपरेला मात्र मिशनऱ्यांच्या पत्रांवर अवलंबून राहावे लागत नाही. बाबा पदमनजी आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी आपले आयुष्य स्वतः मराठीत लिहिले. बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीने स्वतःच लेखणी हातात घेतली की काय मिळते ते तिथे दिसते, आणि वसईच्या सोळाव्या शतकात तसे एकही पुस्तक नाही याची हळहळ वाटते.

तुमच्यासाठी कामाचा क्रम मी असा सुचवीन. पहिले वर्ष लेखनाला हात लावू नका. पोर्तुगीज शिका, हस्तलिखितातील संक्षेप ओळखण्यापुरती तरी शिका, आणि त्याच्या जोडीला मोडी शिका. मोडीचे वर्ग मुंबई-पुण्यात भरतात आणि शिक्षकाला सुट्टीत ते जमण्यासारखे आहे. या कामात पैसा नाही, नोकरी सांभाळूनच ते करावे लागेल. नोंदवही पाहण्याची परवानगी मिळाली की सर्वांत जुन्या वहीऐवजी सर्वांत नवीन वहीपासून मागे जा, कारण ओळखीच्या घरांची नावे वाचत गेल्याने अक्षर कळू लागते. उतरवून घेतलेल्या प्रत्येक नोंदीपुढे वहीचे वर्ष आणि पानाचा क्रमांक लिहा. आणि त्या उताऱ्याची एक प्रत धर्मगुरूंच्या कार्यालयात, दुसरी गावाबाहेरच्या एखाद्या ग्रंथालयात ठेवा, कारण आपल्या हवेत कागद फार काळ टिकत नाही.